मायांचे पिरॅमिड आणि स्पॅनिश गावं: गोव्यातून जायचं असेल तर प्लॅनिंग कसं करायचं

मेक्सिको म्हटलं की पॅकेजवाले एकच माल विकतात, कानकूनच्या रिसॉर्टमध्ये सहा-सात रात्री आणि मधे एक दिवस बसमध्ये घालून चिचेन इत्सा हे मायांचं जुनं शहर दाखवून आणणार. नागपूरच्या माणसाला ते ठीक आहे हो, पण गोव्यातून निघून तीसेक तास प्रवास करून परत वाळू, माड आणि महागडी बीअरच बघायची असेल तर कळंगुटने काय घोडं मारलंय. म्हणून इथे समुद्र बाजूला ठेवलाय. युकातान हा मेक्सिकोचा पूर्वेकडचा द्वीपकल्प, तिथली स्पॅनिश काळातली गावं आणि त्यांच्या आसपासची माया लोकांची जुनी शहरं, दोन्ही एकत्र कशी बघायची आणि आपल्याकडून जाताना कुठे काय अडतं तेवढंच सांगतो.

मुक्काम गावात, पिरॅमिड सकाळी

सगळं प्लॅनिंग या एका नियमावर बसवा. झोपायचं गावात, आणि पिरॅमिडच्या गेटवर ते उघडायच्या आधी पंधरा मिनिटं हजर व्हायचं. चिचेन इत्सा कानकूनपासून साधारण २०० किलोमीटर, म्हणजे रिसॉर्टमधून निघालेल्या बसेस तिथे साडेदहा-अकराला ओतल्या जातात आणि मग उन्हात नुसती डोकी दिसतात. वायादोलिद गाव मात्र तिथून ४५ किलोमीटरवर आहे. सकाळी सातला तिथून निघालात तर आठच्या पहिल्या लाईनीत असता, आणि कानकूनवाले उतरत असतात तेव्हा तुम्ही सगळं बघून बाहेर पडत असता. सकाळी आठला आणि दुपारी बाराला तीच जागा दोन वेगळ्या जागा वाटतात, यात जराही अतिशयोक्ती नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ही गावं आणि हे पिरॅमिड वेगळे नाहीयेत, एकाचे दगड काढून दुसरं बांधलंय. मेरिदा हे शहर १५४२ साली फ्रान्सिस्को दे मोंतेखो (धाकटा) याने वसवलं ते त'हो नावाच्या माया शहराच्या जागेवरच, आणि तिथलं कॅथेड्रल त्याच देवळांचे दगड वापरून १५६१ ते १५९८ या काळात उभं राहिलं. आता या तारखांशेजारी आपल्या तारखा ठेवून बघा. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, त्याच सुमाराला मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. १५६२ मध्ये जुन्या गोव्यात से कॅथेड्रलचं काम सुरू झालं. आणि त्याच १५६२ च्या १२ जुलैला युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्रीने मायांच्या मूर्ती आणि झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या पोथ्या चौकात आणून जाळल्या. राज्य पोर्तुगालचं वेगळं, स्पेनचं वेगळं, पण साल तेच. मायांच्या जुन्या पोथ्यांपैकी आज जगात फक्त चार उरल्यात.

म्हणून माझा सल्ला असा की तिकीट काढायच्या आधी एक रविवार जुन्या गोव्यात घालवा. लहानपणी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला गेलो तसं नाही, नीट बघायला. सेंट काजेतानच्या चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याचा म्हणून जो एकटा दरवाजा उभा आहे, त्याच्या काळ्या दगडाच्या खांबांवरचं कोरीव काम हे देवळाचं आहे हे पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. ही नजर एकदा बसली की मेरिदात फिरताना गाईड लागत नाही.

मेरिदात पहिल्याच दिवशी मोठ्या चौकाच्या दक्षिणेला कासा दे मोंतेखो बघा, आत फुकट म्युझियम आहे पण खरी गोष्ट बाहेरच्या दरवाजावर आहे. वरच्या मजल्याच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना चिलखत घातलेले दोन स्पॅनिश शिपाई कोरलेत, हातात फरशीसारखं लांब हत्यार, आणि त्यांचे पाय नीट बघा, ते माणसांच्या डोक्यांवर उभे आहेत, खालच्या डोक्यांची तोंडं ओरडताना उघडी राहिल्यासारखी. बाजूला अंगभर केस असलेली, हातात सोटे घेतलेली रानटी माणसं. हे सगळं १५४० च्या दशकात घराच्या दारावर लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. समोरच्या बागेत आज लोक आइसक्रीम खात बसलेले असतात.

कधी जायचं

इथे गोवेकरांची खरी अडचण आहे. आपल्याकडे हॉटेल, शॅक, टॅक्सी, रेंट-अ-बाइक अशा धंद्यात जे आहेत त्यांना मोकळा वेळ जून ते सप्टेंबर, आणि युकातानमध्येही पावसाळा जून ते ऑक्टोबर, वर वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. पण घाबरून बेत रद्द करू नका. तिथला पाऊस आपल्यासारखा आठ-आठ दिवस झोडपत नाही, बहुतेक दुपारनंतर कोसळून मोकळा होतो, आणि आपण तर सकाळीच फिरणार आहोत. जूनचा शेवट आणि जुलै चालेल. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र टाळाच, मोठी चक्रीवादळं तेव्हाच येतात, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा वादळाने कानकूनची काय दैना केली ते जुन्या बातम्यांत बघा. चवथ झाली की निघू असं ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबरचा मध्य ते मार्चचा मध्य. तेव्हा आपला सीझन जोरात असतो हे खरं, पण नोकरीवाल्यांना काही अडचण नाही. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटाला आली तर ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर मेरिदात असायचं बघा. त्या दिवसांत युकातानमध्ये आनाल पिशान असतं, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी घरात पान मांडायचं, त्यांच्या आवडीचं जेवण, फुलं, मेणबत्त्या. आपल्याला म्हाळवस, म्हणजे पितृपक्षातलं पान, नवीन नाहीत, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये मेरिदात पारा ४० च्या पुढे जातो, समुद्रही शहराला लागून नाही, आणि पिरॅमिडच्या आवारात सावली शोधावी लागते.

अजून एक. मार्चच्या २०-२१ तारखेला चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायऱ्यांवर सापासारखी सावली उतरते ते बघायला हजारो लोक जमतात. फोटो छान येतात, पण तुम्हाला फक्त पुढच्या माणसाच्या मोबाईलवर दिसेल. आणि रविवारी मेक्सिकोच्या लोकांना बहुतेक पुरातत्त्व स्थळांवर प्रवेश फुकट असतो, त्यामुळे रविवार गावासाठी ठेवा, पिरॅमिडसाठी नको.

व्हिसा, विमान, पैसे

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेन यापैकी चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा न काढता टुरिस्ट म्हणून जाता येतं. हे नियम बदलतात, त्यामुळे तिकिटाच्या आधी दिल्लीतल्या मेक्सिकन दूतावासाच्या साईटवर स्वतः वाचा, ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घरात तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असेल आणि त्याच्याकडे जहाजावर जायचा अमेरिकन व्हिसा असेल तर तो टुरिस्ट म्हणून चालेलच असं गृहीत धरू नका, दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते प्रिंट काढून जवळ ठेवा, कारण चेक-इन काउंटरवरचा माणूस तेच मागणार.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना मेक्सिकोला व्हिसा लागत नाही. मात्र अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर एस्टा, म्हणजे तिथे उतरायची ऑनलाईन परवानगी, काढावा लागतो, आणि परत येताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) हातात पाहिजे, ट्रंकेत नव्हे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तिथे आपल्याकडच्यासारखं आत बसून राहण्याची सोय नाहीये, इमिग्रेशन करून बाहेर पडून परत आत जायचं असतं. अमेरिकन व्हिसा नसेल तर सरळ युरोप किंवा इस्तंबूलमार्गे जा. युरोपातल्या काही देशांना विमानतळावर थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेही बघून घ्या.

मोपा किंवा दाबोळीहून मुंबई-दिल्ली, तिथून इस्तंबूल, पॅरिस, अॅमस्टरडॅम वगैरे आणि मग कानकून किंवा मेक्सिको सिटी, असा साधारण मार्ग. गोवा-मुंबईचा तुकडा वेगळा स्वस्तात काढायचा मोह होतो, पण जुलैमध्ये पावसाने ते विमान लेट झालं तर पुढचं महागडं तिकीट बुडालं, कोणी विचारत नाही. सगळं एकाच बुकिंगवर घ्या, किंवा आदल्या दिवशी कोकण रेल्वेने मुंबई गाठा. वेळेचा फरक मेरिदाशी साडेअकरा तासांचा, म्हणजे दिवसाची रात्र पूर्ण उलटी. याचा फायदा असा की पहिले तीन-चार दिवस पहाटे चारला आपोआप जाग येते, आणि पिरॅमिडसाठी तेच पाहिजे असतं, म्हणून मोठी ठिकाणं पहिल्या आठवड्यात ठेवा.

पैसे पेसोत. अलीकडे एक पेसो साडेचार-पाच रुपयांच्या आसपास असतो. थोडे डॉलर, एक फॉरेक्स कार्ड आणि बाकी तिथल्या बँकेच्या आतल्या एटीएममधून. मशीन विचारतं की आमच्या दराने रुपयात बदलून देऊ का, तिथे नाही म्हणा, तो दर कधीच चांगला नसतो. चिचेन इत्सा आणि उशमाल या मेरिदाजवळच्या माया शहराला दोन वेगळी तिकिटं लागतात, एक राज्य सरकारचं आणि एक केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं, दोन खिडक्या, दोन पावत्या. परदेशी माणसाला दोन्ही मिळून सातशे-आठशे पेसो धरून चला आणि रोख ठेवा, दर बहुतेक जानेवारीत वाढतात. बहुतेक लहान ठिकाणं त्या मानाने स्वस्त आहेत.

कुठे किती दिवस

दोन आठवडे असतील तर फक्त युकातान राज्य आणि शेजारचं काम्पेचे करा. पालेंके, ग्वाटेमाला, मेक्सिको सिटी सगळं एकाच ट्रिपमध्ये कोंबणारे लोक परत येऊन फक्त बस स्टँडची वर्णनं सांगतात.

कानकूनला उतरलात की तिथे न थांबता वायादोलिदची बस पकडा, अडीच-तीन तास. इथे तीन रात्री. गाव लहान, रंगीत, आणि चक्क गावाच्या मधोमध एक सेनोते आहे, म्हणजे चुनखडीचा दगड खाली खचून उघडी पडलेली पाण्याची खोल विहीर, उतरून पोहता येतं. सान बेर्नार्दिनोचा १५५० च्या दशकातला मठ संध्याकाळच्या उन्हात बघा. एक सकाळ चिचेन इत्साची. तिथल्या पिरॅमिडच्या चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५, हे सगळे गाईड सांगतात, पण त्याच्यापुढे उभं राहून टाळी वाजवा, पायऱ्यांवरून परत येणारा आवाज पक्ष्याच्या ओरडण्यासारखा येतो. वर चढायला बंदी आहे. चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब, त्याच्या भिंतीवर खालच्या पट्टीत मान कापलेला खेळाडू आणि मानेतून साप होऊन वाहणारं रक्त कोरलंय, ते शोधा, बहुतेक लोक वरच्या दगडी कड्याचा फोटो काढून पुढे जातात. दुसरी सकाळ एक्-बालमची, तासाभरापेक्षा कमी अंतर, चुन्याच्या गिलाव्यातले पुतळे अजून पांढरे स्वच्छ आहेत आणि गर्दी चिचेनच्या दहावा हिस्साही नाही.

पुढे इसामालला एक रात्र. अख्खं गाव पिवळ्या रंगाने रंगवलेलं. इथला सान आन्तोनियोचा मठ म्हणजे माया पिरॅमिडचा वरचा भाग तोडून त्याच चौथऱ्यावर बांधलेला, म्हणून तिथे जायला रस्त्यावरून लांब उतरण चढून जावं लागतं. वरच्या पटांगणाभोवती ७५ कमानी आहेत. हा मठ उभा करण्यात वर सांगितलेल्या लांदाचाच हात. मायांच्या काळातही लोक इथे देवाला यायचे, आता युकातानची रक्षणकर्ती मानलेल्या मारियेला येतात. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियेला, आपले हिंदू लोक तेल घेऊन जातात, तिला लईराई देवीची बहीण मानतात, हे ज्याला माहीत आहे त्याला इसामालचं वेगळं काही वाटणार नाही. मठापासून दोन-तीन गल्ल्या सोडून किनिच काक मो नावाचा भला मोठा पिरॅमिड घरांच्या मधे उभा आहे, तिकीट नाही, वर चढून बघा, समोर कॅथलिक मठ आणि पायाखाली मायांचं देऊळ, एकाच नजरेत.

मग मेरिदा, चार रात्री तरी. जुनी घरं बदलून केलेल्या छोट्या पोसादांमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, राहा, उंच छत, मधे राजांगण, फरशा अशा की फोंतइन्हासमधल्या एखाद्या घरात आल्यासारखं वाटतं, भिंतीला झूला अडकवायचे आकडेही असतात. शहर सापडायला सोपं, सम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि विषम आकड्यांचे पूर्व-पश्चिम, पत्ता म्हणजे साठ नंबरचा रस्ता एकोणसाठ आणि एकसष्टच्या मधे. पासेओ दे मोंतेखोवरचे महाल घायपाताच्या पैशावर उभे राहिले, एकोणिसाव्या शतकात जगभर दोरखंडासाठी हा वाख इथूनच जायचा, आणि शेतात राबणारे बहुतेक माया लोकच होते. रविवारी सकाळी तो रस्ता गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळा करतात.

इथून उशमालला एक पूर्ण दिवस द्या, ८० किलोमीटरच्या आसपास. मला विचाराल तर चिचेन इत्सा सोडलं तरी चालेल पण उशमाल सोडू नका. चेटक्याचा पिरॅमिड म्हणतात तो ३५ मीटर उंच, कोपरे गोल, आणि एका बुटक्याने एका रात्रीत बांधला अशी गोष्ट. गव्हर्नरच्या वाड्याची दर्शनी भिंत शंभर मीटरच्या आसपास लांब आणि तिच्यावर दगडाचे हजारो छोटे तुकडे एकमेकांत बसवून केलेली नक्षी. गाडी असेल तर पुढे काबाला जा. तिथल्या एका इमारतीच्या भिंतीवर पावसाच्या देवाचे, चाकचे, अडीचशेच्या आसपास मुखवटे आहेत, एकाला एक चिकटून, ओळीवर ओळ. जवळ जाऊन बघितलं की कळतं प्रत्येक मुखवटा एका दगडात कोरलेला नाही, डोळे वेगळे, दात वेगळे, कानातलं वेगळं, नाक वेगळं, सुटे भाग आणून भिंतीत जोडलेत. नाक हत्तीच्या सोंडेसारखं पुढे येऊन वळलेलं, आणि बहुतेक नाकं तुटून गेलीत, भिंतीवर नुसते खुंट राहिलेत. एवढे पावसाचे देव का, तर या भागात नदी नाही, सेनोतेही नाही, पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून वर्षभर प्यायचे. परतीच्या वाटेवर मानी गावात वळण घ्या, तेच मानी, मठ उघडा असतो आणि समोर जेवण चांगलं मिळतं. गंमत अशी की पोथ्या जाळणाऱ्या त्याच लांदाने नंतर मायांची अक्षरं म्हणून काही चिन्हं लिहून ठेवली, आणि १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोविएत अभ्यासकाने त्यांच्याच आधारे लिपी वाचायची वाट शोधली.

शेवटी काम्पेचे, दोन-तीन रात्री. समुद्राकाठचं तटबंदीचं गाव, १६८५ च्या चाच्यांच्या हल्ल्यानंतर स्पॅनिशांनी भिंत बांधायला घेतली, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत. आग्वाद, रेइश मागुश बघितलेल्या माणसाला किल्ल्याचं अप्रूप वाटणार नाही, पण सान मिगेलच्या किल्ल्यातलं माया म्युझियम चुकवू नका, कालाकमुल या माया शहराच्या थडग्यांतले हिरव्या जेडचे मुखवटे तिथे आहेत. इथून तासाभरावर एद्झना, पाच मजली पिरॅमिड आणि आवारात कधीकधी फक्त तुम्ही आणि घोरपडीएवढे इग्वाना.

तीन आठवडे असतील तर कानकूनहून विमानाने ग्वाटेमाला जोडा, त्याचा व्हिसा वेगळा तपासा. आन्तिग्वा हे जुनं राजधानीचं शहर १७७३ च्या भूकंपात कोसळलं, राजधानी हलवली, आणि पडकी चर्चेस तशीच राहिली. रोगराईने ओस पडलेलं आपलं जुनं गोवं आणि पणजीला गेलेली राजधानी आठवेल. तिथून फ्लोरेसला जाऊन तिकाल हे माया शहर बघा, चार नंबरचं देऊळ ६५ मीटरच्या आसपास उंच, बाजूच्या लाकडी जिन्याने वर गेलं की जंगलाच्या वर बाकीच्या देवळांची टोकं दिसतात आणि खालून माकडं गर्जना करत असतात. या देवळांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या, हजार-बाराशे वर्षं टिकल्या. आपल्या परसातला चिकू मूळचा याच भागातला. मेक्सिकोच्याच चियापास राज्यात पालेंके आणि सान क्रिस्तोबालही सुंदर आहेत, पण त्या दोघांमधल्या रस्त्यावर अडवाअडवीचे प्रकार होतात, ताज्या बातम्या बघूनच ठरवा. युकातान राज्य त्या मानाने मेक्सिकोतल्या सगळ्यात शांत राज्यांपैकी आहे.

फिरायचं कसं

मोठ्या गावांमध्ये आदेओ कंपनीच्या बसेस उत्तम, वेळेवर, आणि एसी इतका की स्वेटर लागतो. आपल्या कदंब बसवर वाढलेल्या माणसाला थोडं बावरल्यासारखं होतं. जवळच्या ठिकाणांना कोलेक्तिवो नावाच्या व्हॅन भरल्या की सुटतात. त्रेन माया ही नवी रेल्वे २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, द्वीपकल्पाला फेरा घालते, पण स्टेशनं बरीचशी गावाबाहेर, त्यामुळे स्टेशनपर्यंतचा टॅक्सीचा वेळ धरूनच तुलना करा.

गाडी भाड्याने घ्यायची तर फक्त उशमाल-काबा-मानीच्या दोन दिवसांपुरती घ्या. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. तिथे उजव्या बाजूने चालवायचं. इंटरनेटवर दाखवलेल्या भाड्यात थर्ड पार्टी इन्शुरन्स बहुतेक नसतो, काउंटरवर रक्कम दुप्पट होते, ते आधीच ईमेलवर विचारा. गावांत तोपे म्हणजे स्पीड ब्रेकर असे की आपले परवडले, अंधार पडल्यावर दिसतही नाहीत, म्हणून रात्री चालवू नका. पंपावर मशीन शून्यावर आणलंय का बघा, हे आपल्याला सांगायला नकोच.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. काम्पेचेत पान दे कासोन मिळतं, मक्याच्या पोळ्यांच्या थरांत काळा राजमा आणि लहान मोरीचं कालवण, वरून टोमॅटोचा सॉस. मोरीचं आंबटतीक खाणाऱ्याला पहिल्या घासात पटतं. तिकिन शिक म्हणजे आचियोते (लाल बियांचा मसाला) आणि आंबट संत्र्याचा रस लावून केळीच्या पानात भाजलेला मासा. पोर्क चालत असेल तर कोचिनिता पिबिल, म्हणजे केळीच्या पानात मंद भाजलेलं डुकराचं मांस, रविवारी सकाळी बाजारात खा, रेस्टॉरंटमध्ये नको.

शाकाहारी लोकांनी जरा जपून. काळ्या राजम्यात सुद्धा डुकराची चरबी असू शकते, म्हणून "सिन कार्ने, सिन मान्तेका", म्हणजे मांस नको, चरबी नको, एवढं पाठ करा. सिकिल पाक ही भोपळ्याच्या बियांची चटणी, चाया नावाच्या पाल्याचं सरबत, आवोकादो, मक्याच्या गरम पोळ्या यावर दिवस निघतात. अंडं चालत असेल तर पापादसुलेस, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पोळ्या. संध्याकाळी चौकात मार्केसिता घ्या, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज. आबानेरो मिरचीच्या सॉसशी मात्र गोवेकरपणाचा हट्ट करू नका, आधी थेंबभर. पाणी बाटलीचंच, आणि मच्छरांसाठी क्रीम इथूनच न्या, डेंग्यू तिथेही आहे. सेनोतेत उतरताना अंगाला क्रीम-सनस्क्रीन लावलेलं चालत नाही, आधी आंघोळ करायला लावतात.

भाषा स्पॅनिश. घरात आजी-आजोबा पोर्तुगीज शिकलेले असतील तर त्यांना पाट्या आणि मेनू बऱ्यापैकी वाचता येतात, त्यांना बरोबर न्या, त्यांची ऐट बघण्यासारखी असते. आणि माया लोक "नाहीसे झाले" असं कुठल्या व्हिडिओत ऐकलं असेल तर विसरा, युकातेक माया बोलणारे आजही आठ लाखांच्या आसपास आहेत, तुमचा कोलेक्तिवोचा ड्रायव्हर फोनवर बहुतेक तीच बोलत असेल.

परतीचा दिवस

कानकून ज्या राज्यात आहे ते किंताना रू, त्याचं घड्याळ मेरिदा आणि वायादोलिदपेक्षा वर्षभर एक तास पुढे. जाताना तो तास मिळतो, येताना जातो. मेरिदाहून कानकूनला जायला चार-साडेचार तास, त्यात हा एक तास मिळवा, त्यात विमानाच्या आधीचे तीन तास मिळवा, आणि मग बस ठरवा. बसच्या तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या गावाची आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या गावाची छापलेली असते. विमान दुपारच्या आधीचं असेल तर आदली रात्र कानकून गावात काढा, बस स्टँडजवळ, हॉटेलांच्या पट्ट्यात नको, तिथे त्याच खोलीचे तिप्पट पैसे घेतात. कानकूनहून उडणाऱ्या परदेशी लोकांना तिथला राज्याचा पर्यटन कर, विसितॅक्स, ऑनलाईन भरायचा असतो, तो फक्त सरकारी साईटवर भरा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या साईट जास्त पैसे घेतात, आणि पावतीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.